आत्मचित्र काढताना आपण नेमके कोणाला पाहत असतो?

शिसपेन्सिल

गेल्या वर्षभरात जवळजवळ प्रत्येक रविवारी सकाळी मी आरशासमोर बसून स्वतःचे एक चित्र काढले. काही रविवार आजारपणात आणि प्रवासात गेले. ते वजा केले तर एकूण ४३ चित्रे झाली. साहित्य दर वेळी तेच होते : एक मऊ पेन्सिल, खोडरबर, वीतभर उंचीच्या कागदांची वही आणि डाव्या बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड. हा नेम मी कलेसाठी धरला नव्हता. नोकरी सोडल्यानंतरचे काही महिने "सध्या तुम्ही काय करता?" या साध्या प्रश्नाला उत्तर देताना माझी जीभ अडखळत असे. आपण कोण आहोत हे सांगता येत नसेल, तर निदान आपण दिसतो कसे हे तरी नीट पाहून ठेवावे, एवढाच विचार त्यामागे होता.

मागच्या आठवड्यात ती सगळी चित्रे मी जमिनीवर ओळीने मांडली. धाकटी बहीण दारातून आत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, ही बाई इतकी कोणावर चिडली आहे ग?"

मी चिडलेली नव्हते. उलट रविवारची ती दोन तासांची बैठक हा माझ्या आठवड्यातला सर्वांत निवांत वेळ असे. तरीही तिचे म्हणणे खोटे नव्हते. एकाही चित्रात मी हसत नाही. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित अधिक उघडलेला आणि नजर समोरच्याला दरडावणारी. पहिल्या चित्रात ही नजर आहे आणि शेवटच्या चित्रातही तीच आहे. मधल्या काळात हात सुधारला, नाक ताळ्यावर आले, कान जागच्या जागी बसले, पण नजर काही हलली नाही.

पुष्कळ विचार केल्यावर एवढेच उमगले की मी त्या वेळी मोजत होते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच होणार. म्हणून माझा प्रश्न असा आहे : आत्मचित्रातून माणसाला स्वतःची ओळख पटते असे जे नेहमी म्हटले जाते, ते कितपत खरे आहे? की आत्मचित्रात माणूस एकाच कामात गुंतलेला सापडतो, ते म्हणजे स्वतःला न्याहाळण्याच्या? ज्यांनी चित्र, छायाचित्र किंवा आणखी कोणत्या मार्गाने हा प्रयत्न केला आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

उभीरेघ

आपल्या बहिणीची नजर चांगली आहे. मी बरीच वर्षे चित्रकला शिकवतो, आणि विद्यार्थ्यांची आत्मचित्रे भिंतीवर लावली की वर्गात जणू वीस रागीट माणसे येऊन बसल्यासारखे वाटते. त्यांत एकही प्रत्यक्षात रागीट नसतो.

आपण जो प्रश्न विचारला आहे तो एका चित्रकाराने चित्रातच मांडून ठेवला आहे. योहानेस गुम्प नावाच्या विशीतल्या ऑस्ट्रियन चित्रकाराने १६४६ मध्ये काढलेले एक आत्मचित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहात आहे. त्यात तो स्वतः आपल्याकडे पाठ करून उभा आहे, त्यामुळे खऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. त्याच्या एका बाजूला आरसा आहे आणि दुसऱ्या बाजूला तो रंगवत असलेले चित्र. दोन्हींत त्याचाच चेहरा आहे, पण दोन्ही चेहरे सारखे नाहीत. आरशातला चेहरा चित्रकाराकडे पाहतो आणि कॅनव्हासवरचा चेहरा आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे पाहतो. आरशातून कॅनव्हासवर जाताना नजरेची दिशा बदलली. तीन माणसे एकाच चित्रात आहेत, आणि ज्याला आपण "खरा" म्हणू तो पाठमोरा आहे. हे चित्र मी पहिल्यांदा छापील स्वरूपात पाहिले तेव्हा मला ती एक गंमत वाटली होती. आता तसे वाटत नाही.

मुद्द्याची दुसरी बाजूही सांगतो. ती दरडावणारी नजर टाळता येते, मात्र त्यासाठी नट व्हावे लागते. रेम्ब्राँने १६३० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, स्वतःच्या चेहऱ्याची काही अगदी लहान एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून कागदावर छापलेली चित्रे, केली. त्यांतली काही जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीची आहेत. एकात डोळे विस्फारलेले आहेत, एकात तो हसतो आहे, एकात तोंड उघडून ओरडल्यासारखे करतो आहे. तो आरशासमोर मुद्दाम निरनिराळे आविर्भाव करून पाहत होता. ही त्याची ओळख होती का? माझ्या मते ती चेहऱ्याच्या हालचालींची उजळणी होती. पुढे चाळीस वर्षे तो स्वतःला रंगवत राहिला, आणि म्हातारपणीच्या चित्रांत मात्र आविर्भाव जवळजवळ संपलेले आहेत.

जाता जाता एक प्रयोग सुचवतो. आरशावर वाफ धरली असेल तेव्हा त्यात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवा आणि मग ती आकृती मोजा. ती आपल्या डोक्याच्या बरोबर निम्मी भरते. आरशापासून कितीही मागे सरकलात तरी निम्मीच. ज्या वस्तूला आपण रोज "माझा चेहरा" म्हणतो ती काचेच्या पृष्ठभागावर अर्ध्या मापाची असते, आणि हे आयुष्यभर कोणाच्या लक्षात येत नाही.

तिरपेऊन

मी छायाचित्रे काढतो, त्यामुळे माझा कल कॅमेऱ्याकडे असेल असे वाटण्याचा संभव आहे. पण या बाबतीत कॅमेराही फारसा विश्वासू नाही, हे आधीच कबूल करतो.

आरशात दिसतो तो आपला उलटा चेहरा. भांग दुसऱ्या बाजूला जातो, तीळ दुसऱ्या गालावर जातो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जानेवारी १८८९ मध्ये कानाला पट्टी बांधलेली आत्मचित्रे काढली, त्यांत पट्टी उजव्या कानावर दिसते. प्रत्यक्षात इजा डाव्या कानाला झाली होती. त्याने समोर दिसले तसे रंगवले. १९७७ मध्ये तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना त्यांच्याच छायाचित्राच्या दोन प्रती दाखवल्या, एक सुलटी आणि एक आरशातल्यासारखी उलटी, आणि कोणती बरी वाटते ते विचारले. त्यांचा कल आरशातल्या प्रतीकडे निघाला. त्यांच्या मैत्रिणींचा आणि जोडीदारांचा कल सुलट्या प्रतीकडे. जो तो आपल्या सवयीच्या चेहऱ्याला कौल देत होता. तेव्हा, शिसपेन्सिल, आपण आणि आपली बहीण इतकी वर्षे दोन वेगळ्या चेहऱ्यांना ओळखत आला आहात असे म्हणायला हरकत नाही.

आता कॅमेऱ्याविषयी. हात लांब करून, साधारण ३० सेंटिमीटरांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक दीड मीटरवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसते. यात भिंगाचा दोष नाही, अंतराचा आहे. जवळून पाहिले की जवळची वस्तू मोठी आणि मागचे कान लहान दिसणारच. माझ्याकडे नाकाची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी दोन पावले मागे घेतो, आणि बहुतेकांची तक्रार तिथेच मिटते.

मग खरा चेहरा कोणता, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. पाहणाऱ्याच्या अंतराशिवाय चेहरा असूच शकत नाही, एवढे मात्र या धंद्याने शिकवले.

कोरापान

मला या साऱ्या प्रकाराविषयी मनापासून शंका आहे, आणि ती मांडल्याबद्दल कोणी राग मानू नये.

माणसाची ओळख तो कोणाच्या उपयोगी पडतो, कोणाचे ऐकतो, कोणाशी भांडतो, यांतून ठरते. एकट्याने खोलीचे दार लावून दोन तास स्वतःच्या नाकपुड्या मोजल्याने ती कशी सापडणार? धागाकर्तीची चित्रे मी पाहिलेली नाहीत, ती सुंदर असतीलही. परंतु नोकरी गेल्यावर किंवा सोडल्यावर जो प्रश्न पडतो तो "मी कोणासाठी काय आहे" असा असतो, आणि त्याचे उत्तर आरशात असण्याचा संभव मला कमी वाटतो. दिवसातून दहा वेळा स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्या माणसाला आपण आत्ममग्न म्हणतो. मग वर्षभर दर रविवारी तेच पेन्सिलीने करणाऱ्याला आत्मशोधक का म्हणावे? साधन जुने आणि वेळखाऊ आहे म्हणून?

उभीरेघ

कोरापान, आपल्या शंकेतला अर्धा भाग मी मान्य करतो. सगळी आत्मचित्रे आत्मशोधासाठी काढलेली नसतात. व्हॅन गॉगने १८८६ ते १८८८ या पॅरिसच्या दोन वर्षांत स्वतःला पंचवीसहून अधिक वेळा रंगवले, त्याचे मोठे कारण असे की समोर बसणाऱ्या माणसाला द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. मॉडेल मिळत नाही म्हणून मुद्दाम चांगला आरसा विकत घेतला, असे त्याने आपल्या भावाला पत्रात लिहिले आहे. आपला चेहरा फुकट मिळतो, सांगितले तेव्हा हजर असतो आणि कसाही रंगवला तरी तक्रार करीत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी आत्मचित्र काढायला लावतो ते याच कारणासाठी. कोणालाही "स्वतःला शोधा" असे मी आजवर सांगितलेले नाही.

पण साधनाविषयी मात्र आपल्याशी मतभेद आहे. छायाचित्र क्षणात निघते आणि त्यातले प्रत्येक रोम आपोआप येते. पेन्सिलीने काढताना प्रत्येक रेघ ठरवून काढावी लागते. नवखा माणूस डोळे कपाळाच्या जागी, फार वर काढतो, कारण त्याला चेहरा म्हणजे डोळे, नाक आणि ओठ एवढेच वाटते आणि वरची कवटी तो हिशोबात धरत नाही. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. हे सांगूनही माणसे मानत नाहीत. पट्टी घेऊन मोजायला लावले की गप्प होतात. आपण स्वतःविषयी काय गृहीत धरून चाललो होतो हे कळण्याची ही एक जागा आहे, आणि ती छायाचित्रात मिळत नाही.

मधलीओळ

मी चित्रकार नाही. माझा अनुभव वेगळ्या कारणाने आलेला आहे, तो कोरापान यांच्या प्रश्नाला धरून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागले. आरशात पाहिले तर चेहऱ्याची उजवी बाजू जागची हलत नव्हती. चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आल्याने असे होते आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. उजवा डोळा मिटत नसे, त्यामुळे दिवसा थेंब घालायचे आणि रात्री पापणी चिकटपट्टीने बंद करून झोपायचे. मी घराबाहेर पडणे बंद केले. फोनवर बोलताना प आणि ब हे वर्ण फुटून जात, म्हणून फोनही घेईनासा झालो.

मुलीने तिची चित्रकलेची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, नुसते बसण्यापेक्षा काहीतरी काढा." मला दुसरे काही सुचेना म्हणून कागदाच्या मधोमध एक उभी ओळ आखली आणि एका बाजूला एक अर्धा चेहरा, दुसऱ्या बाजूला दुसरा, असे वेगवेगळे काढायला लागलो. माझे इथले नाव त्या ओळीवरून आले आहे. तोवर मी आरशात ओझरते पाहून तोंड फिरवत असे. काढायचे म्हटल्यावर फिरवता येईना.

त्यातून जे दिसले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. आजारी बाजू भयंकर नव्हती, ती गुळगुळीत होती. कपाळावर एक सुरकुती नाही, नाकापासून ओठापर्यंत उतरणारी घडी पार पुसली गेलेली; त्या अर्ध्या चेहऱ्याचे वय दहा वर्षांनी कमी वाटत होते. धडधाकट बाजूवरच सगळे काही लिहिलेले होते. कपाळाच्या तीन आडव्या रेषा, डोळ्याच्या कोपऱ्यातले जाळे, नाकाजवळची खोल घडी. आयुष्यभर ज्या रेषा नकोशा वाटत आल्या, त्या एका बाजूने गेल्यावर मी अनोळखी झालो होतो. मला भीती वाटत होती ती वाकड्या चेहऱ्याची नव्हतीच, त्या कोऱ्या चेहऱ्याची होती.

सुमारे तीन महिन्यांत बरेच सुधारले. आधी नाकाजवळची घडी परत आली, अगदी पुसटशी. ती मला आरशात दिसण्याआधी कागदावर दिसली, कारण त्या दिवशी हाताने आपसूक एक रेघ अधिक काढली होती आणि मग मी थांबून पाहिले की ही रेघ का काढली.

शिसपेन्सिल, आपण आठ्यांविषयी खंत केली आहे. त्या काळात मला आठी घालायची म्हटली तरी ती एकाच बाजूला उमटत असे. आपल्या दोन्ही बाजूंना उमटतात, हे मला आता दुर्लक्ष करण्याजोगे वाटत नाही.

कोरापान

मधलीओळ, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. माझे मूळ मत पूर्ण बदललेले नाही, पण "नाकपुड्या मोजणे" हे शब्द मी मागे घेतो.

मुखवटा

हौशी रंगभूमीवर काम करीत असल्यामुळे मला एक प्रश्न पडतो : आत्मचित्र खरेच असले पाहिजे, असा आग्रह का धरावा?

छायाचित्रणाच्या अगदी पहिल्या काळातले एक उदाहरण आठवते. इप्पोलित बायार या फ्रेंच माणसाने कागदावर थेट छायाचित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधली होती, पण मान आणि सरकारी आश्रय मिळाला तो छायाचित्रणाची वेगळी पद्धत शोधणाऱ्या दागेरला. १८४० मध्ये बायारने स्वतःचे छायाचित्र काढले, त्यात तो उघड्या अंगाने, डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसासारखा एका बाजूला कललेला आहे. मागच्या बाजूला त्याने स्वतःच मजकूर लिहिला की हे प्रेत बायार यांचे असून सरकारने दागेर यांना भरपूर दिले आणि यांच्यासाठी काहीच करता येत नाही म्हटले, तेव्हा या दुर्दैवी माणसाने जीव दिला. बायार त्यानंतर कित्येक वर्षे जगला आणि काम करीत राहिला. ते छायाचित्र धडधडीत खोटे आहे. पण आपली उपेक्षा झाली असे वाटणाऱ्या माणसाचा चेहरा त्याहून खरा कसा दाखवता आला असता, ते मला तरी सांगता येणार नाही.

अमृता शेरगिल यांचेही पाहावे. वडील पंजाबी शीख, आई हंगेरियन, जन्म १९१३ चा बुडापेस्टचा, शिक्षण पॅरिसमधले. १९३४ मध्ये त्यांनी स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवले. त्या ताहितीला राहणाऱ्या नव्हत्या. गोगँ या फ्रेंच चित्रकाराने तिथल्या स्त्रिया रंगवल्या होत्या, त्या परंपरेत त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. पॅरिसमध्ये आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर उचलून त्यांनी ती स्वतःवर रोखली, असा माझा अर्थ आहे. दुसऱ्या कोणी वेगळा लावला तरी माझे काही म्हणणे नाही.

याउलट सिंडी शर्मन यांनी १९७७ पासून १९८० पर्यंत स्वतःलाच निरनिराळ्या चित्रपटांतल्या वाटाव्यात अशा स्त्रियांच्या वेषात उभे करून छायाचित्रांची एक मोठी मालिका काढली, आणि ही माझी आत्मचित्रे नाहीत असे त्या सांगत आल्या आहेत. चेहरा तोच, पण ओळख नाकारलेली. रंगमंचावर उभे राहणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल. माझ्या चेहऱ्याला रंग लागला की माझ्या अंगात एक मोकळेपणा येतो, जो एरवी नसतो. मग तो मोकळा माणूस कोणाचा म्हणायचा? धागाकर्तीने एखाद्या रविवारी दुसऱ्या कोणाचा वेष घेऊन बसून पाहावे, असे सुचवतो.

झाकलीमूठ

सगळे प्रतिसाद वाचत आहे. मी अजून एकही चित्र काढलेले नाही, कारण पहिल्या चित्रात मी आईसारखी दिसेन ही भीती आहे, आणि आईशी माझे गेली काही वर्षे बोलणे नाही. एवढेच लिहायचे होते.

आडवाट

झाकलीमूठ, आपण चेहऱ्यावाचून सुरुवात करू शकता. हे सांत्वन म्हणून लिहीत नाही. अशी आत्मचित्रे खरोखर आहेत.

एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाचे १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेले एक रेखाटन आहे. तो बैठकीवर पाय लांबवून रेलला आहे, उजवा डोळा मिटला आहे, आणि फक्त डाव्या डोळ्याला जे दिसते ते त्याने काढले आहे. वरच्या बाजूला भुवईची कमान, एका बाजूला नाकाची कड, खाली मिशीचे केस, त्याच्या पलीकडे छाती, लांबवर गेलेले पाय, पेन्सिल धरलेला हात आणि समोरची खिडकी. सगळे शरीर आहे, फक्त डोके नाही. कारण आपले डोके आपल्याला कधीच दिसत नाही. ते दिसते ते आरशात, म्हणजे बाहेरून, दुसऱ्याच्या जागेवरून. गुम्पचे चित्र उभीरेघ यांनी सांगितले. त्यातल्या पाठमोऱ्या माणसाला स्वतःच्या जागेवरून काय दिसत असेल, त्याचे हे उत्तर म्हणता येईल.

मी तसे काढून पाहिले आहे. एक डोळा मिटून दहा मिनिटे बसल्यावर पहिल्यांदा जाणवते ते नाक. ते सदैव नजरेत असते आणि आपण ते सदैव वगळत असतो. एक अंधूक, तांबूस उतार. नंतर स्वतःचे हात नको इतके मोठे आणि जवळ दिसू लागतात. अंगठ्यावरचा जुना व्रण मी कित्येक वर्षांनी पाहिला. या चित्रात मी चिडलेला नाही आणि आनंदीही नाही, कारण मला चेहराच नाही. आणि तरी माझ्याइतके माझे दुसरे चित्र नाही, कारण ते जगात दुसऱ्या कोणाला त्या जागेवरून दिसणे शक्य नाही.

आणखी एक रीत आहे. डोळे मिटायचे, डावा हात चेहऱ्यावर ठेवायचा आणि बोटांना जसे लागेल तसे उजव्या हाताने काढत जायचे. कागदाकडे पाहायचे नाही. सारखेपणाची अपेक्षा अजिबात ठेवू नये.

शिसपेन्सिल

इतक्या विचाराने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. मुखवटा यांनी सुचवलेला वेष मला घेता आला नाही. माझ्या अंगात तेवढे नाटक नाही. पण आडवाट यांची चाचपून काढण्याची रीत मी या रविवारी करून पाहिली.

डोळे मिटून डावा हात कपाळावर ठेवला आणि पहिला धक्का तिथेच बसला. कपाळ सपाट होते. दोन्ही आठ्या, ज्या मी ४३ वेळा इमानाने काढल्या होत्या, बोटांना लागल्याच नाहीत. पाहणे थांबले तशा त्याही गेल्या. नाक मात्र संपत नव्हते. बोट भुवईपासून शेंड्यापर्यंत यायला जितका वेळ लागला तितका वेळ पेन्सिल कागदावर खाली सरकत राहिली, त्यामुळे नाकाने अर्धे पान घेतले. गाल म्हणजे नुसती ऊब होती, ती कशी काढावी हे कळेना, म्हणून तिथे कागद कोरा राहिला. ओठ फाटलेले होते हे मला माहीत नव्हते. कान पानाबाहेर टेबलावर काढला गेला. तो खोडरबराने पुसावा लागला.

ते चित्र बहिणीला दाखवले. मला वाटले ती हसेल. तिने ते हातात घेतले, मग जुन्या चित्रांचा गठ्ठा ओढला, त्यातली पाच-सहा उलटली आणि विचारले, "ताई, सगळ्या चित्रांत तुझे केस बांधलेले का आहेत? तू तर कधी केस बांधत नाहीस."

हे मला वर्षभर दिसले नव्हते. चित्र काढताना केस डोळ्यांवर येतात म्हणून बसण्याआधी मी ते मागे घट्ट बांधते आणि उठल्यावर सोडते. ही कृती इतकी सवयीची आहे की मी ती चित्राचा भाग धरलीच नव्हती. रविवारचे ते दोन तास सोडले तर आठवड्यात कोणीही मला केस बांधलेले पाहत नाही. तिरपेऊन यांनी भांगाविषयी लिहिले होते, तेही पाहिले; केस मागे ओढल्यामुळे एकाही चित्रात भांगच नाही. नोकरीवर असताना मात्र मी रोज केस बांधून जात असे. मी ज्या बाईला वर्षभर न्याहाळत होते ती नोकरी सोडलेली नव्हती, असा याचा अर्थ घ्यावा का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कोरापान यांनी यावर काही म्हटले तर मी ते ऐकेन.

पुढच्या रविवारी केस मोकळे सोडून बसणार आहे. अडचण एकच आहे आणि ती उभीरेघ यांना विचारते. माझी एक बट सतत डोळ्यावर उतरते. ती बाजूला सारल्याशिवाय तो डोळा दिसत नाही, आणि सारली तर ती चित्रात येत नाही. अशा वेळी आपण काय करता?

उभीरेघ

बट आधी काढावी. डोळा तिच्याआडून जेवढा दिसेल तेवढाच काढावा आणि उरलेला मनाने भरू नये.